परत पाठवलेला रोट

«ताई, माझं वय 38. चोपडा तालुक्यात आम्हा दोघा भावांची शेती एकत्र आहे, कापूस आणि केळी. चुली वेगळ्या. तीन वर्षांपूर्वी मी माळ घातली. त्याआधी मी कसा होतो ते सगळ्या गावाला माहीत आहे. पिणं, ढाब्यावरच्या रात्री, उधारी. विठ्ठलाने मला त्यातून ओढून काढलं असं मी मानतो. वाटलं होतं, घरचे खूश होतील. झालं उलटंच. चैत्रात पुतण्याचं जाऊळ होतं. आमच्यात बोकड कापतात. मी वर्गणी दिली नाही, गेलोही नाही. तेव्हापासून मोठा भाऊ धड बोलत नाही. जेठात मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला गेलो तर म्हणाला, 'पेरणीच्या वक्ताला बरा देव आठवतो.' घरात अंडी-मटण बंद केलं म्हणून मुलं फुगली आहेत. बायको म्हणते, तुमचं संसारातून मन उडालं. श्रावणात कानबाईला मी बसलो नाही. आईने माझ्या नावाची मूठ मोजली होती म्हणे, रोट पुतण्याच्या हाती पाठवला, तो मी परत पाठवला. त्यावर आई म्हणाली, 'आते तू आमना राह्यना नही.' ताई, मी चोरी केली नाही. दारू सोडली, देव धरला. ज्यांच्यासाठी रोज हात जोडतो त्यांनाच मी ढोंगी वाटतो. माळ उतरवून ठेवू, की या माणसांचा नाद सोडू?»
एक माळकरी

भाऊ,

माळ उतरवू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तुम्हाला बरंच बोलणार आहे आणि ते ऐकताना तुमचा हात गळ्याकडे जायला नको.

तुमचं मूळ पत्र सहा पानांचं. इथे छापताना मी ते कापलं आहे. जावळाचं दोन पानं लिहिलंत, पालखीचं दीड पान, आणि रोटाचं एक वाक्य. तेही 'म्हणे' घालून, घाईघाईत. मी मात्र त्या वाक्यापाशीच अडून बसले.

खानदेशाबाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने लावून देवी सजवतात, चौरंगावर मांडतात. रात्रभर अहिराणी गाणी चालतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन तिला निरोप देतात. त्या दिवशीचा रोट, म्हणजे प्रसादाची गव्हाची जाड पोळी, भाऊबंदांपुरताच असतो, बाहेरच्याला देत नाहीत. घराघराची रीत थोडी वेगळी, पण आमच्या घरी रोटासाठी घरातल्या एकेकाचं नाव घेऊन गहू मोजतात, मुठीमुठीने. सुरतेला कामाला गेलेल्याची मूठ मोजतात, भांडून वेगळा राहिलेल्याचीही मोजतात. वगळतात ती फक्त वारलेल्याची.

तर तुमच्या आईने यंदा तुमचं नाव घेऊन गव्हात हात घातला. तुम्ही जावळाला आला नव्हता, तिच्या मोठ्या मुलाशी तुमचं धड बोलणं नव्हतं, आणि ती घरात दोघांच्या मध्ये बसलेली. तरी मोजली. 'हा आपला' हे सांगायला तिच्याजवळ याहून मोठे शब्द नाहीत. ते तिने लहान पोराच्या हाती पाठवले आणि तुम्ही ते पोर तसंच माघारी धाडलं. तू आमचा राहिला नाहीस, हे ती त्यानंतर बोलली. क्रम नीट बघा.

का परत पाठवलात? रोट गव्हाचा. सोबतीला पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. तुमच्या व्रताला चालणार नाही असं त्यात काही नाही. कदाचित तुम्ही म्हणाल, आता एक विठ्ठल, दुसऱ्या देवाचा प्रसाद नको. तसं मानणारी माणसं आपल्याकडे आहेत. महानुभाव पंथाची मंडळी खानदेशात गावोगाव आहेत, ती इतर देवतांचा प्रसाद घेत नाहीत. त्यांचं ते शेकडो वर्षांचं व्रत आहे आणि ती ते शिस्तीने पाळतात. पण तुम्ही घातलीत ती वारकऱ्याची माळ. घालताना काय सांगतात ते मी लहानपणापासून ऐकलं आहे: मांस-मद्य वर्ज्य, परस्त्री मातेसमान, खोटं बोलायचं नाही, एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा, वर्षाची वारी चुकवायची नाही. आईच्या हातचा रोट माघारी पाठवायचा, असं यात कुठे बसतं ते मला काही सापडलं नाही.

मला वाटतं तो तुम्ही देवापायी परत केला नाहीत. चैत्रापासूनचा राग होता आणि तो काढायला रोट बरा सापडला. चुकत असेन तर कळवा. पण असं घडत असतं. माणूस एक व्रत घेतो आणि त्याच्या आडोशाला आपला जुना स्वभावही आणून बसवतो. समोरच्याला दोन्ही एकच दिसतात. मग त्याने स्वभावाला नावं ठेवली की आपल्याला वाटतं देवाला ठेवली.

माझे वडील माळकरी होते. साक्री तालुक्यातलं गाव, मोठी भाऊबंदकी, आणि तुमच्यासारखंच जाऊळ म्हटलं की बोकड. वडील एकही जाऊळ चुकवायचे नाहीत. आई सकाळी दुधात पीठ मळून दशम्या करायची, शेंगदाण्याची चटणी घालायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गाठ मारून द्यायची. पंगत बसली की वडील कुठे तरी मधोमध बसायचे. सगळ्यांसारखी पत्रावळ मांडून घ्यायचे, फडकं सोडायचे. वाढपी रस्सा घेऊन आला की पत्रावळीवर हात आडवा. बस, तेवढंच. वर शेजारच्याला विचारायचे, 'मीठ बरोबर आहे ना रे?' बोकडासाठी त्यांनी पैसे दिल्याचं मला आठवत नाही, पण मांडवाचं भाडं किंवा पोराचे कपडे त्यांच्याकडून ठरलेले. कुणी कधी म्हटलं नाही की हा स्वतःला मोठा भगत समजतो.

गावातले माळकरी मात्र म्हणाले. मटणाच्या पंगतीत बसतो म्हणून दोघा-तिघांनी त्यांच्याशी अबोला धरला आणि भजनाला बसताना त्यांना मागच्या रांगेत सरकवलं. वर्षभर असेल, जास्तच. वडील मागे बसून टाळ वाजवायचे. आईला फार राग यायचा. ते तिला काही समजावत नसत, आणि त्या माळकऱ्यांनाही नाही. लहानपणी मला तो त्यांचा भित्रेपणा वाटायचा.

पुढच्या जावळाला काय करायचं ते यातून तुमचं तुम्हाला कळेल. पण एक पथ्य. जिथे बाटली आहे तिथे हे सगळं लागू नाही. कुणी ग्लास पुढे करून 'एक घे, विठ्ठल रागवत नाही' म्हणालं तर सरळ उठून घरी यायचं, मग तो सख्खा भाऊ का असेना. रश्श्यावर आडवा धरलेला हात पुरतो. तुमच्यासारख्या सुटून आलेल्या माणसाला दारूपुढे नुसता हात पुरत नाही, पाय काढावा लागतो. ढाब्यावरच्या मित्रांचं तर मी काही बोलतच नाही. ते गेले, बरं झालं.

आता घरातलं अंडी-मटण. तुम्ही लिहिता, 'बंद केलं'. कुणाला विचारून?

तुकोबांची एक गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. घरात सावकारी होती, लोकांची कर्जखतं होती. ती इंद्रायणीत बुडवायला निघाले तेव्हा धाकट्या कान्होबाने आपला अर्धा वाटा मागितला. तुकोबांनी निम्मी खतं त्याच्या हाती दिली आणि आपली निम्मी तेवढी पाण्यात सोडली. कीर्तनकार बुडवलेल्या खतांवर रंगून बोलतात. मला दिलेल्या खतांचंच जास्त नवल वाटतं. जे स्वतःला विषासारखं झालं होतं ते भावाचा हक्क म्हणून त्याच्या हातात ठेवलं, आणि वर त्याला वैराग्य शिकवत बसले नाहीत. तुमच्या बायकोच्या चुलीवर काय शिजावं ही तुमच्या वाट्याची खतं नाहीत, भाऊ. माळ तुम्ही घातली, तिने नाही. पोरांनीही नाही. खानदेशात कितीतरी घरांत मटणाची भांडी वेगळी असतात, मागच्या अंगणात तीन दगडांची चूल असते. तसं काही जमवायचं की घरात नकोच म्हणायचं, ते तिला ठरवू द्या. ती 'नकोच' म्हणाली तर त्याची गोडी वेगळी.

आणि तिचं ते वाक्य, संसारातून मन उडालं. तुम्ही ते आरोप म्हणून लिहिलंय. मला ते एकटेपणाचं वाटलं. चार वर्षांपूर्वी रात्री तुम्ही ढाब्यावर असायचात, घरात नसायचात. आता भजनात असता, सप्त्यात असता, तेव्हाही घरात नसता. तिच्या बाजूने फरक एवढाच की आता तक्रारही करता येत नाही. दारूविरुद्ध बोलली असती तर गाव तिच्या मागे उभं राहिलं असतं. देवाविरुद्ध कुणाजवळ बोलणार? हरिपाठाला अर्धा तास लागतो. आठवड्यातले चार-पाच दिवस दिवेलागणीला घरीच म्हणा. तिला शेजारी बसायचा आग्रह नको. तिला स्वयंपाकघरातून ऐकू आला तरी पुष्कळ झालं. आणि ती बोलू लागली की माळ ओढत 'हूं, हूं' करू नका. माझे वडील करायचे, म्हणून सांगते.

पेरणीबद्दल तर मी सरळ तुमच्या भावाच्या बाजूची आहे. मुक्ताईची पालखी जेठात निघते, बुलढाणा, जालना, बीड करत महिन्याने पंढरपूरला पोचते. हाच मृगाचा महिना. कापूस टोबायचा, मृगबागेच्या केळीचे खड्डे, ठिबकच्या नळ्या पसरायच्या, खतासाठी दुकानासमोर उभं राहायचं. पाऊस लांबला तर दुबार पेरणीची धास्ती. दोन भावांच्या शेतातून महिनाभर एक भाऊ वजा करा आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून बघा. त्याने मारला तो टोमणा खरा, पण त्यातली पेरणीही खरीच.

तुकोबांच्या दुसऱ्या बायकोची, आवलीची बाजू कीर्तनात कुणी मांडत नाही. तिला कजाग दाखवतात आणि लोक हसतात. 1630 च्या सुमाराला दुष्काळ पडला, तुकोबांची पहिली बायको त्यात अन्नावाचून गेली. त्या घरात आवलीला पोरांची तोंडं भरायची होती, आणि नवरा डोंगरावर. ती विठ्ठलाला शिव्या घालायची म्हणतात. घालेल नाही तर काय? आणि तीच भाकरी बांधून डोंगर चढायची. तिला देव कळला नव्हता असं म्हणायचं धाडस मला होत नाही.

तर आता उपाय बघू. ज्या महाराजांच्या हातून माळ घातली त्यांच्याकडे जाऊन सरळ विचारा की शेतकऱ्याने कोणत्या वर्षी कोणती वारी करावी. हा प्रश्न त्यांना नवा नाही. कार्तिकीला जावं तर कापसाची वेचणी येते, हे मला कळतं. पण सगळी वाट पायीच चालायला हवी असं नाही. आषाढीला एसटीच्या जादा गाड्या सुटतात, चार दिवसांत जाऊन येता येतं. पायी जायचंच असेल त्या वर्षी महिनाभराचा मजूर तुमच्या वाट्यातून लावून द्या. निघायच्या आधी, रोख, भावाच्या देखत. शिवाय वैशाख मोकळा असतो. अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या पात्रात भरते, ती तुम्हाला चुलीशेजारची. मुक्ताईचा अंतर्धान सोहळाही वैशाख वद्य दशमीलाच येतो. तापीकाठी जा, नाहीतर बोरीकाठी. एका वर्षी भावालाही म्हणा, चल. नाही आला तर नाही.

हे सगळं केलंत तरी तो लगेच गळ्यात पडणार नाही. तुमच्या बाजूने मला जे म्हणायचं आहे ते इथून पुढचं.

तुम्हाला ढोंगी म्हटलेलं लागलं, ते मला समजतं. जो खरोखर सुटून आला त्याला हे लागायचंच. पण तुमच्या घरच्यांनी तुमच्या किती शपथा ऐकल्या असतील त्याचा हिशोब करा. उद्यापासून बंद. पोरांच्या गळ्याची आण. गणपतीपुढे, दर्ग्यापुढे, कुठे कुठे. प्रत्येक वेळी त्यांनी विश्वास ठेवला आणि प्रत्येक वेळी तोंडावर पडले. ही तीन वर्षं तुम्हाला आयुष्यभराची वाटतात. त्यांना अजून ती तीनच वर्षं आहेत. ते तुमच्या भक्तीला हसतात असं तुम्हाला दिसतं, मला त्यात भीती दिसते. पुन्हा आशा धरायची आणि पुन्हा पडायचं, त्यापेक्षा आधीच ढोंगी म्हणून मोकळं व्हावं. ही भीती खुलासे देऊन जात नाही, वर्षं गेली की जाते. किती वर्षं ते मी सांगू शकत नाही. एखाद्याची जन्मभर जातही नाही.

म्हणून कुणी ढोंगी म्हटलं तर उत्तर देऊ नका. पुरावे नकोत, अभंगांचे दाखले तर मुळीच नकोत. विठ्ठलाला माहीत आहे, एवढं मनात म्हणायचं आणि बैलाला पाणी दाखवायला जायचं. त्यांच्यासाठी रोज हात जोडता ते तसंच चालू ठेवा, पण त्यांना ते ऐकवू नका. तुम्ही पत्रात ऐकवलंत, ते मी समजून घेतलं. घरात ऐकवलंत तर ते उपकारासारखं लागतं.

आणि ते 'वाटलं होतं, घरचे खूश होतील'. वाटणारच हो. तुम्ही केलंही आहे तसंच काही. पण ती शाबासकी आली नाही म्हणून माळ उतरवावीशी वाटते आहे, तर ती माळ निम्मी विठ्ठलासाठी होती आणि निम्मी घरच्यांसाठी, असं होत नाही का? ही निम्मी आता हळूहळू तिकडून इकडे आणायची आहे. ते मोठं कष्टाचं काम आहे. माझ्या वडिलांना मागच्या रांगेत बसून ते करावं लागलं. तुम्हाला बहुधा कापसाच्या शेतात, न बोलणाऱ्या भावाच्या शेजारी वाकून करावं लागेल.

ज्या मुक्ताईच्या मागे तुम्ही महिनाभर चालता तिचं घर आठवा. वडिलांनी संन्यास सोडून संसार केला, म्हणून चारही मुलं वाळीत. 1279 चा तिचा जन्म आणि 1297 मध्ये तापीकाठच्या आपल्या मेहूणला ती विजेत दिसेनाशी झाली, म्हणजे जेमतेम अठरा वर्षांचं आयुष्य. त्यातला तो प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. लोकांचं बोलणं जिव्हारी लागून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आणि ही सगळ्यांत धाकटी बहीण बाहेर उभी राहून विनवत राहिली की ताटी उघडा. जग आगीसारखं झालं तर संताने पाणी व्हावं, असं काहीबाही लहान तोंडी मोठं बोलत. लोक चुकले की बरोबर, यात ती शिरलीच नाही. भाऊ आत ध्यानासाठी बसलेला नाही, दुखावून बसला आहे, एवढं तिने ओळखलं होतं. त्या रविवारी तुम्ही दार लावून बसलात तेव्हा एकादशी नव्हती. मी पंचांग बघितलं.

भादवा लागला आहे. रोट आता उरला नसेल, आमच्याकडे तो पौर्णिमेच्या आत संपवतात. त्यामुळे तो मागायला जाता येणार नाही. एक दिवस सकाळी आईकडे जा. शेताच्या हिशोबाचं किंवा मोटरीचं निमित्त काढू नका. भाऊ ओट्यावर असला तर असू द्या. आत जाऊन बसा आणि म्हणा, 'माय, भूक लागनी.' जेवायला काय केलंय ते विचारू नका. तुमच्या ताटात काय वाढायचं नाही, हे तिला तीन वर्षांपासून पाठ आहे.